पिस्टनवरची खूण

ये गं, जवळ ये. पायात चपला घालून दाराशी उभी राहून ऐकू नकोस. तसं अर्धवट ऐकतेस आणि मग चार लोकांत काहीबाही सांगत सुटतेस. परवा कोणाला तरी म्हणालीस म्हणे, की आमची आजी लढाईच्या काळात इंजिनं दुरुस्त करायची. बाई गं, मी कशाला इंजिनं दुरुस्त करते? इंजिन दुरुस्त करणाऱ्यावर मी पाळत ठेवायची. दुरुस्त करणाऱ्याला लोक चहा देतात, पाळत ठेवणाऱ्याकडे सगळे तिरक्या डोळ्यांनी बघतात. आता नीट बस, मांडी घाल, आणि सगळं ऐकल्याशिवाय उठू नकोस. मी काही शाळा शिकलेली बाई नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं लावायला शिकले, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

माझं माहेर धुळ्याचं, आणि सासर अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठचं एक खेडं. सासरे, म्हणजे आमचे आबा, शेती करायचेच, पण गावात पहिली पिठाची गिरणी त्यांनीच घातली. गिरणी फिरवायला एक छोटं इंजिन होतं, घासलेटवर चालणारं. हँडल मारलं की आधी खोकायचं, मग फटफट सुरू व्हायचं, आणि बायका पाट्या घेऊन रांगेला लागायच्या. जात्याची सवय सुटली ती कायमचीच. गिरणी एक दिवस बंद राहिली की गल्लीतल्या बायका अशा चिडायच्या, जसं काही आबांनीच त्यांच्या हाताला जातं बांधलं.

आबांचा स्वभाव संशयी. म्हणजे वाईट माणूस नव्हे हं. भुकेल्याला जेवू घालतील, पण जेवताना तो भाकरी कुठे लपवतो का तेही बघतील. घासलेटच्या डब्यात काठी बुडवून, ओल्या खुणेवर दोरा बांधून ठेवायचे, किती खाली गेलं ते कळावं म्हणून. मग दोरा कोणी सरकवला असेल असं वाटून जवळच कुंकवाचं बोट लावायचे. लढाई सुरू झाल्यावर तर घासलेट परमिटवर मिळायला लागलं, आणि जे मिळायचं तेही गढूळ. आबांना वाटायचं देणाऱ्याने पाणी घातलं, देणारा म्हणायचा वरूनच तसं येतं. त्या गढूळ घासलेटने इंजिन धुपायला लागलं. काळा धूर, ताकद नाही, दाणा अर्धवट भरडून यायचा. फिटर म्हणाला, आत काजळी धरली आहे, कार्बन बसला आहे, दर दोन-तीन महिन्यांनी खोलून साफ करावं लागेल.

हा फिटर भुसावळकडचा. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात होता, ते सोडून गावोगाव विहिरीवरची आणि गिरण्यांची इंजिनं करत फिरायचा. बोलायला मोकळा, हात मात्र सावकाश. आबांना त्याचं म्हणणं पटेना. ह्यानेच काहीतरी बिघडवून ठेवलं म्हणजे दर वेळी ह्यालाच बोलवावं लागेल, असं त्यांचं गणित. म्हणून त्यांनी ठरवलं, इंजिनाचा एकही तुकडा घराबाहेर जाणार नाही. साफसफाई आमच्या ओसरीवर, आणि कोणीतरी समोर बसून राहायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. घरात नवीन सून, बाहेर जायचं काम नाही, आणि डाळ निवडायला काय, ओसरीवरही निवडता येते.

आबा मला म्हणाले, “तू तठेच बठ. हात दायमा, डोया त्यान्हावर.” म्हणजे हात डाळीत आणि डोळे त्याच्यावर.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसायची. फिटर गोणपाट पसरून एकेक भाग त्यावर मांडायचा. दूध करपल्यावर पातेल्याला कशी खरपूड बसते, तशी काळी कडक खपली सगळ्यांवर. लोखंडी भाग तो पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा. धुराची नळी तर आमच्या चुलीत घालून लाल करायचा आणि दगडावर आपटायचा, की आतली काजळी भुसभुशीत होऊन पडायची. त्या दिवशी जिजींची चूल बाटायची. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना सगळं घर जिजीच म्हणायचं. त्या पुटपुटत सारवून घ्यायच्या. पिस्टनवर कड्या बसवायच्या खाचा असतात, त्यातली काजळी काढायला तो मोडलेल्या कडीचंच टोक वापरायचा, कारण त्या खाचेत दुसरं काही बेताचं बसतच नाही. हे सगळं मी बघितलं. आबांनी बघायला बसवलं होतं, मग बघायला नको का?

पिस्टन म्हणजे काय हे तुला माहीत नसेल. पालथा घातलेला पेला समज. तो आत वर-खाली पळतो म्हणून इंजिन चालतं. आमचा पहिला पिस्टन बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, त्याला तडा गेला. लढाईमुळे नवा मिळेना. मग ह्यांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, भुसावळला जाऊन कुठून तरी एक पांढऱ्या हलक्या धातूचा आणला. आपण ज्याला जर्मनची भांडी म्हणतो ना, तोच धातू, तुम्ही ॲल्युमिनियम म्हणता तो. आबांनी तो तळहातावर झेलून बघितला.

“इतलं हलकं? याले कोनी आतून पोखरं की काय?”

“आबा, हा असाच असतो,” फिटर म्हणाला. “हलका म्हणून इंजिन जास्त पळतं.”

“पळीसन जाई कोठे?” आबा म्हणाले, आणि खिळा घेऊन पिस्टनच्या आतल्या अंगाला तीन आडव्या रेघा मारल्या. माझ्या समोर मारल्या. “हाई मन्ही खूण. आते मी देखस कोन बदलस ते.”

फिटरचा चेहरा उतरला.

त्यानंतर काही महिने इंजिन छान चाललं आणि पुन्हा धुपलं. चैत्र संपत आला होता, पापडांचे दिवस, प्रत्येक घरी उडीद दळायचे, आणि पुढे आखाजी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडे लेकींचा सण, दिवाळीपेक्षा मोठा. लेकीला सासरहून न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझा मुऱ्हाळी माझा भाऊ. त्याची वाट बघतच मी डाळ निवडत होते, आणि फिटरने इंजिन खोललं.

ह्या वेळी काजळी फार. पिस्टनच्या डोक्यावर खपलीचं जाड पूट. फिटर ते बांबूच्या कामटीने खरवडत होता. मी धीर करून विचारलं, पत्र्याची पट्टी का नाही लावत? तर म्हणाला, “अक्का, हा धातू मऊ. पट्टीने ओरखडा पडेल, आणि ओरखड्यात काजळी आणखी घट्ट बसेल.” पूर्ण दुपार गेली. शेवटी तो आबांना म्हणाला, “रात्रभर घासलेटात बुडवून ठेवू द्या, सकाळी मऊ पडेल.”

“दिव्याले घासलेट नही, आनि याले आंघोळ घालू?” आबांनी डबाच काढू दिला नाही.

आतून जिजी मला म्हणाल्या, “दिनभर खरडी ऱ्हायना आनि भाकरी मोडी ऱ्हायना. यान्हा मनमा काम सरू देवानं नही शे.” त्यांचाही संशय वेगळाच. हा माणूस मुद्दाम काम लांबवतो, आमच्या भाकऱ्यांसाठी.

संध्याकाळी फिटर निघाला तेव्हा आबांनी रोजच्यासारखी त्याची पिशवी झाडून बघितली. भाग गोणपाटाखाली झाकले, ओसरीचं दार लावलं, आणि भजनाला गेले.

सकाळी फिटरने गोणपाट उचललं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. पिस्टन होता. पण काल पांढरा होता तो आज मळकट करडा, काळपट, अंगभर बारीक खड्डे, देवीचे व्रण असावेत तसा. कड्यांच्या खाचांच्या कडा बोथट झालेल्या. कडी बसवली तर खुळखुळायला लागली. आबांनी पिस्टन उलटा करून आत बघितलं. बोटाने पुसलं. उन्हात नेऊन बघितलं.

“मन्ही खूण कोठे शे?”

खूण नव्हती. मीही बघितलं. तीन रेघांपैकी एकही नाही.

“हाऊ मन्हा पिस्टन नही शे.”

“तेच म्हणतो मी, आबा,” फिटर उठून उभा राहिला. “हा कालचा माल नाहीच. तुमच्या घरात कोणी बदलला? बदलायचा आणि माझ्यावर घालायचा, असं आहे का?”

“मन्हा घरमा?” आबांचा आवाज गल्लीत गेला.

गंमत बघ. दोघं एकमेकांना चोर म्हणत होते, पण पिस्टन बदलला ह्यावर दोघांचं एकमत होतं. धातू काय आपोआप झिजतो एका रात्रीत? असं कोणाच्या बापजन्मात घडलं नव्हतं. गल्ली जमली. फिटरने हत्यारं गोळा केली आणि निघून गेला. आबांनी अमळनेरच्या बाजारात जाऊन चार गिरणीवाल्यांना सांगितलं, ह्या माणसाला दारात उभं करू नका. त्याची कामं धडाधड सुटली.

पण पिशवी तर आबांनीच झाडली होती. मग चोरी झाली कशी? माणूस संशयाला लागला की एका जागी थांबत नाही. आबा घरात फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. ओसरीच्या भिंतीपलीकडे बोळ. भिंतीजवळ कोण बसायचं? मी. दिवसभर त्याच्यासमोर कोण होतं? मी. भिंतीवरून एक वस्तू पलीकडे गेली आणि दुसरी अलीकडे आली, तर ती कोणाच्या नजरेखालून?

“तुन्हा डोया कोठे व्हतात वं?”

गल्लीतली एक काकू, शेजारचीच, पाणी भरताना हळूच म्हणाली, “का वं, तू आनि तो फिटर दिनभर काय बोलतस एवढं?” तिच्या विचारण्यातच सगळं आलं. त्या दिवसापासून विहिरीवर मी गेले की बोलणी थांबायची.

आणि मग मी ओसरीच्या दाराआडून ऐकलं. आबा जिजींना सांगत होते, “आखाजीले तिन्हा भाऊ ई ना, तं तिन्ही पेटी बी दी दे.”

तुला कळलं का पेटीचं? आखाजीला जाणारी सून बोचकं घेऊन जाते, चार लुगडी, खाऊची पुरचुंडी. पेटी सासरीच राहते. पेटी गाडीत चढली म्हणजे ती बाई परत यायची नाही. आणि बघ कसं असतं, गावातल्या सगळ्या सुना त्या दिवशी गाडीत बसून हसत माहेरी जाणार, त्यात माझीही गाडी. वरून बघणाऱ्याला सणच दिसणार. माझा भाऊही हसतच मला घेऊन जाणार, आणि धुळ्याला पोचल्यावर पेटी उतरवताना आई काय ते समजणार.

हे, तुझे आजोबा, आबांसमोर बोलायचे नाहीत. मला एकांतात म्हणाले, “तू काही बघितलंस का, खरं सांग.” नवऱ्याने असं विचारलं की बाईला काय वाटतं ते मी सांगत नाही. माझ्याही डोक्यात किडा शिरलाच. एकदा फिटरने पाणी मागितलं होतं, मी आत गेले होते, तेव्हा? की ह्यांनीच भुसावळहून आधी खराब माल आणला आणि वरून कसलं तरी पॉलिश होतं? की डाळीतले खडे बघता बघता माझा डोळा लागला होता? स्वतःवरच पाळत ठेवायची वेळ आली. जिजींकडेही बघायची मी. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघत होती. पापडाचे दिवस, खाराचं पाणी लागलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

गिरणी बंद म्हणून उडीद जात्यावर दळले. गल्लीतल्या बायका घामाघूम, त्यात सगळ्यांचा राग माझ्यावर. तरी पापड लाटायला आमच्या ओसरीवर आल्या, कारण त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो होतो, आणि लाटण्याची फेड लाटण्यानेच करावी लागते. माझ्या शेजारचा पाट मात्र कोणी घेतला नाही.

शेजारच्या काकूने त्या दिवशी हौसेने स्वतःची नवी जर्मनची पातेली आणली होती. तिचा दीर भुसावळला, त्याने दिलेली. सगळ्यांना दाखवून झाली, आणि “पापडखाराचं पानी यामाच उकळू,” म्हणाली. चुलीवर चढवली. पाण्यात खार टाकला तसा फेस आला, उतू गेला, आणि वास सुटला. काकूने फडक्याने पातेली उतरवून पाणी ओतलं आणि ओरडली, “आवं माय! मन्ही पतेली!”

मी वाकून बघितलं. आतून करडी, काळपट, मळकट. पिस्टनचा रंग अगदी तोच. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी मान वर केली तर जिजी माझ्याकडे बघत होत्या. आणि त्यांची नजर लगेच आपल्या बोटांवर गेली.

मला सगळं कळलं. मोरीपाशी जिजींचं एक मडकं असायचं. केळीच्या वाळक्या सोपटांची, म्हणजे बुंध्याच्या सालींची राख त्यात भिजवायची, वर कळीचा चुना टाकायचा, आणि करपलेला तवा, काजळलेली कढई रात्रभर त्यात बुडवायची. सकाळी लोखंड असं स्वच्छ निघायचं, की खरवडायला नको. जिजींच्या हातचं ते मडकं गल्लीत नावाजलेलं. दिवसभर खरडणाऱ्या फिटरला एका रात्रीत काम करून दाखवावं, असं त्यांच्या मनात आलं असणार.

पण मी तोंड उघडू कशी? ज्या सुनेवर आधीच बालंट, तिने सासूकडे बोट दाखवायचं? सगळे म्हणाले असते, बघा, आता सासूवर घालते. मी पापड लाटत राहिले आणि वाट बघत राहिले. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं त्या बोलतील. यंत्राच्या कुठल्याही भागाला घरातल्याने हात लावायचा नाही, अशी आबांची ताकीद होती, आणि जिजी आबांना भ्यायच्या. परवाच माझा भाऊ येणार होता. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणालाच काही कळलं नसतं. त्यांनी उंडा मळला, तोडला, पुन्हा मळला. तो सैल झाला तरी मळतच होत्या.

मग उठल्या. पिठाचे हात पदराला पुसले आणि माजघरात बसलेल्या आबांना हाक मारली. आबा आले तसे त्यांनी आबांच्या हातातली तपकिरीची डबी काढून घेतली. ती डबीही जर्मनचीच, आबांची लाडकी, झाकणावर फुलाची वेल कोरलेली. तपकीर एका कागदावर झटकली, आणि ओसरीवरच्या सगळ्या बायकांसमोर डबी मोरीजवळच्या मडक्यात टाकली.

“काय करी ऱ्हायनी तू?” आबा ओरडले.

“देखा,” जिजी म्हणाल्या.

मडक्यात बुडबुडे यायला लागले. आधी थोडे, मग सरसर, भाताचं आधण यावं तसे. बायका मडक्याभोवती गोळा झाल्या. बऱ्याच वेळाने जिजींनी चिमट्याने डबी काढली. वेल गेली होती. नुसता करडा पत्रा.

“तुम्हनी डबी कोनी बदली?” जिजींनी विचारलं. “फिटरनी? का मन्ही सूननी?”

त्यांनी डबी पाण्यात खळबळून आबांच्या हातात दिली.

“मी ठेयेल व्हता तो पिस्टन या खारमा. मी. तुम्ही भजनले गयात तवय. सकायले मीच धोईसन परत ठेवा. खूण या खारनीच खादी. माले काय ठाऊक, लोखंडले जे चालस ते याले चालत नही?” आणि मग सगळ्यांच्या देखत जरा मोठ्याने, “सून मन्ही दिनभर डोया उघडा ठेईसन बठेल व्हती. तिन्ही पेटी जागची हालनार नही.”

आबा काय म्हणाले असतील? क्षमा वगैरे आबांच्या तोंडी नसायची. त्यांनी डबी उलटसुलट केली आणि म्हणाले, “म्हनजे भुसावळवालानी धातूच खोटा दिना.” सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः अमळनेरला गेले आणि त्याच गिरणीवाल्यांना सांगून आले. कसं सांगितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. फिटर पुढच्या आठवड्यात, मी माहेरी असताना आला, हे मला जिजींनी मागाहून सांगितलं; त्याने पिस्टन हातात फिरवून बघितला. म्हणाला, “आबा, खरं सांगू? मला वाटलं होतं तुमच्या मुलानेच विकला.” मग दोघांनी चहा घेतला. जाताना आबांनी त्याची पिशवी झाडलीच. सवय ती.

माझा भाऊ आला. मी बोचकं घेऊन गाडीत बसले, तरी मागे वळून बघत होते, कोणी पेटी तर चढवत नाही ना. अमळनेरहून धुळ्याला सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची तेव्हा, चढावर सगळ्यांना उतरून चालावं लागायचं. चालता चालता भावाने विचारलं, “सासरी ठीक ना अक्का?” मी म्हटलं ठीक. आखाजी झाली, झोके झाले, सांजोऱ्या झाल्या. बाकीच्या लेकींना सासरहून बोलावणी येऊ लागली. माझं येईना. जिजी सगळ्यांसमोर बोलल्या खऱ्या, पण मागाहून घरात काय ठरलं असेल? मी रोज दाराशी कान लावून बसायची. आई म्हणायची, “माहेरी आलीस ना, मग चार दिवस राहा की.” तिला काय सांगू?

एका सकाळी हे दारात उभे. मी पाणी देताना हळूच विचारलं, “आपणहून आलात, की धाडलं?”

हे म्हणाले, “आपणहून यायचं होतं कालच. आबा म्हणाले, तू एकटा काय जातोस, मी पण येतो. ते बाहेर मोटारीच्या ड्रायव्हरशी भांडताहेत. त्याने वाटेत आपली टोपली बदलली म्हणतात.”

मी खिडकीतून बघितलं. खरंच आबा होते, टोपलीतले पापड मोजून घेत होते. जिजींनी माझ्या आईला धाडलेले. लग्नानंतर आबा माझ्या माहेरी कधीच आले नव्हते.

त्या दिवशी मी रडले की हसले ते विचारू नकोस. झालं, एवढंच. आता गावभर सांगायचं तर हे असं सांग. आणि निघतेस तर निघ, अंधार व्हायच्या आत पोच. पण पुढच्या वेळी दिवाळीपर्यंत थांबवू नकोस, मुलांना घेऊन ये, चार दिवस राहायला ये. लवकर ये गं.